अर्ध्या किलोचा कॉम्प्युटर

रविवार, २ नोव्हेंबर

आज कापणीच्या सणात मी शेण खाल्लं. सदतीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसानं असं लिहू नये, पण ही वही खाजगी आहे, कपाटात कुलपात असते, म्हणून लिहितो.

दरवर्षीप्रमाणं आमच्या शिरूरच्या ख्रिस्ती मंडळीच्या देवळात वेदीपुढं भोपळे, बाजरीची कणसं, अंडी, कोंबड्या आणि एक चिडका बोकड असं मांडलेलं. उपासना झाली की आवारात ह्या सगळ्याचा लिलाव होतो. त्या लिलावात व्यवहार बघायचा नसतो. डझनभर अंडी तिप्पट किमतीला घ्यायची, लगेच परत देवाला द्यायची, की पुन्हा बोली सुरू. यंदा यवतला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या टोनीनं भोपळ्यांच्या मधोमध एक काळी चपटी डबी आणून ठेवली. म्हणाला, "सर, माझ्या शेतात हेच पिकतं." मिनी पीसी म्हणतात त्याला. म्हणजे अख्खा कॉम्प्युटर, पण चपातीच्या डब्यात मावेल एवढा.

डबीची पाळी आली आणि आमच्या पंच कमिटीचे सेक्रेटरी ख्रिस्तोफर मोठ्यांदा हसले. "ह्याच्यावर काय मंडळीचा इतिहास लिहिणार का कोणी?"

हा टोमणा मला होता. देवळाला सव्वाशे वर्षं होतायत. त्याचा इतिहास मी आठ वह्यांमधे लिहून ठेवलाय. माझं अक्षर कुणाला लागत नाही असं कमिटीचं म्हणणं. ख्रिस्तोफरला इतिहासाच्या जागी सोळा पानी स्मरणिका हवी आहे, निम्मे फोटो, निम्म्या जाहिराती, त्यांच्या घरच्या लाल-निळे दिवे लागणाऱ्या मोठ्या कॉम्प्युटरवर केलेली. मी म्हणालो, "होईल! ह्याच डबीवर होईल!" आणि हात वर केला. पुढं कुणी बोलीच लावली नाही.

सगळे माझ्याकडं बघत होते, की आता मी डबी परत देवाला देणार. मी ती पिशवीत टाकली. पाळकसाहेबांनी तिथल्या तिथं ठरवलं: चौदा डिसेंबरपर्यंत इतिहास टाईप होऊन आला तर पुस्तक छापायचं, नाहीतर स्मरणिका.

सौ. वाटेत एवढंच म्हणाली, "भोपळा घेतला असता तर भाजी तरी झाली असती."

सोमवार, ३ नोव्हेंबर

निमोण्याहून संपत आला. माझा जुना दोस्त, कांदेवाला माणूस. डबी हातात घेऊन वरखाली केली.

"मास्तर, रिकामी हाय का काय?"

"आत सगळं आहे. आठ जीबी रॅम आहे."

"आसंल. पर वजनच न्हाई तर माल कसला? कांदा आसू द्या न्हाईतर कॉम्प्युटर, हातात धरल्यावर कळाया पायजे." गाडीच्या डिक्कीतून ताणकाटा काढला आणि डबी पिशवीसकट हुकाला लावली. "चारशे साठ ग्रॅम. पिशवी धरून. शेजारच्या पोराचा कॉम्प्युटर बघा, दोघांनी उचलाया लागतो."

मला हसू आलं, पण मनात पाल चुकचुकलीच.

डबीला पडदा नसतो, तो आपला आपण आणायचा. टोनी आला आणि त्यानं ती आमच्या टीव्हीलाच जोडून दिली. टीव्हीवर माझ्या निवृत्तीच्या सत्काराचा फोटो आहे. त्याच्या चौकटीत गाळा राहत होता म्हणून ट्रंकेतला एक जाड कागद मागं मीच घातला होता, तेव्हापासून फोटो ताठ बसलाय. त्याच्याखाली डबी फार किरकोळ दिसते.

इंटरनेट घेऊ का, असं टोनीनं विचारलं. मी नको म्हणालो. नको ते घरात येतं.

टीव्ही गेला म्हणून सौ. भांडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "राहू द्या. तुम्ही दुपारी झोपता तेव्हा बघेन मी काहीतरी." बेचाळीस वर्षांत एवढ्या सहज ती कशालाच तयार झालेली नाही. वय झालं की माणूस निवळतो.

बुधवार, ५ नोव्हेंबर

आजपासून डबीचं रीतसर परीक्षण. कमिटीला अहवाल द्यायचा आहे, हवेत बोलून चालणार नाही.

घड्याळ लावून बघितलं. सुरू व्हायला चौदा सेकंद. आमच्या शाळेतला कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत राष्ट्रगीत आणि प्रतिज्ञा दोन्ही उरकायचं. आवाज जवळजवळ नाही. अंग गरम होतं, पण चटका नाही. एका तासात अकरा ओळी टाईप झाल्या. ही गती माझी की डबीची, हे ठरवणं अवघड आहे. मी दोघांचे सारखे गुण कापले.

मी एका बोटानं टाईप करतो. टोनीनं सोय करून दिली आहे, इंग्रजी के दाबलं की क उमटतो. पण क उमटला की पुढचं अक्षर सापडेपर्यंत मी वाक्य विसरतो.

आजचे गुण: शंभरात बासष्ट.

रविवार, ९ नोव्हेंबर

एक चमत्कारिक गोष्ट घडली. काल सकाळी पहिल्या प्रकरणाची दोन पानं केली. चुका असणार हे ठाऊक होतं, चष्मा बदलायला झालाय. आज उपासनेहून येऊन बघतो तर पान स्वच्छ! एकही चूक नाही. एवढंच काय, एक वाक्य मी सव्वा पान लांब ठेवलं होतं, त्याची तीन सुटसुटीत वाक्यं झालेली.

म्हणजे यंत्र स्वतः तपासतं. मी आयुष्यभर लाल शाईनं जे केलं ते ही अर्ध्या किलोची डबी फुकट करते! मोठ्या कॉम्प्युटरवाल्यांनी बघावं.

सौ.ला दाखवलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "चांगली आहे हो तुमची डबी. बासष्ट म्हणजे कमीच दिले."

गुणांचं मी तिला कधी सांगितलं, आठवत नाही.

आजचे गुण: अठ्ठ्याहत्तर.

बुधवार, १२ नोव्हेंबर

दोष सापडला. दुपारी झोपून उठलो आणि लिहायला बसलो तर क दाबल्यावर भलतंच अक्षर. सगळा कीबोर्ड फिरलेला. परवाही असंच झालं होतं. टोनीला फोन लावला.

तो म्हणाला, "सर, रेमिंग्टन लागलंय. जुन्या टाइपरायटरची पद्धत असते ती. पण ती आता कोण वापरतंय, जुने टायपिस्ट सोडले तर?"

मी खडसावलं. "म्हणजे डबी सेकंडहँड आहे! कुठल्यातरी जुन्या कचेरीतली! देवाला वापरलेला माल देतोस?"

"देवाशपथ नवी आहे, सर. खोकं मी फोडलंय."

मग ही जुनी सवय तिला लागली कुठून? पाच गुण कापले.

आणखी एक. दुपारी निजायच्या आधी मी डबी बंद करतो, उठल्यावर हात लावावा तर गरम. सौ.नं ह्याचा फायदा घेतला आहे. थंडीत दही लागत नाही म्हणून विरजणाचं भांडं तिनं डबीला टेकून ठेवलं. संध्याकाळपर्यंत कवडीदार दही. अहवालात घालावं की नाही, विचार करतो.

शनिवार, १५ नोव्हेंबर

आज जे झालं ते शांत डोक्यानं लिहितो. दुसऱ्या प्रकरणात मी प्रचारकांची नावं दिली आहेत, एकूण चौदा. आज त्यांच्या खाली मी न लिहिलेला मजकूर दिसला:

"प्रचारकांना सायकल होती. धुरपदाबाई ह्या बायबलबाई, घरोघर बायबल सांगत फिरणाऱ्या, दर बुधवारी शिरूरहून निमोण्याला पायी जात आणि बायकांना चुलीपुढं बसवून राखेत अक्षरं गिरवायला लावत. त्यांचं नाव कोणत्याही वहीत नाही."

मी तीनदा वाचलं. धुरपदाबाई! लहानपणी मी त्यांना पाहिलंय, पांढरं लुगडं, हातात पिशवी. पण मी हे लिहिलेलं नाही.

दौंडला आमच्या ब्लेसीला फोन केला. जावई रेल्वेत आहेत, तिला अशा गोष्टी कळतात. म्हणाली, "आण्णा, एआय असेल. हल्ली कॉम्प्युटर आपलं आपण लिहितो. तुमची डबी फार हुशार दिसते." आणि नंतर इतकी हसली की तिला ठसका लागला. ह्यात हसण्यासारखं काय, मला कळलं नाही. "आईला फोन द्या," म्हणाली. मग दोघी हसल्या.

एआय! आठ हजारांच्या आतली वस्तू आणि तिच्यात एआय!

आजचे गुण: एक्क्याण्णव. माझ्या शाळेत एवढे मी कुणालाच दिले नाहीत.

बुधवार, १९ नोव्हेंबर

डबीला धुरपदाबाईंची माहिती कुठून? पडताळणी केल्याशिवाय इतिहासात काही घालायचं नाही, हा माझा नियम. संपतला विचारलं.

संपतनं डोक्यावरची टोपी नीट केली. मग म्हणाला, "मास्तर, आमच्या आईला सही कुनी शिकविली ठावं हाय? ह्या धुरपदाबाईनंच. सोसायटीच्या कागदावर आंगठा न्हाई लावला आईनं कवाच. पर तुमच्या डबीला कसं कळलं वं?"

"एआयला सगळं माहीत असतं."

"मंग त्याला इचारा, औंदा कांद्याला काय भाव फुटतोय."

मी चौथ्या प्रकरणात दुष्काळात खोदलेल्या विहिरीबद्दल लिहिलं होतं. विहिरीच्या दगडावर सात पंचांची नावं आहेत, ती जशीच्या तशी दिली होती. आज त्याखाली भर: "खोदाई पुरुषांनी केली. माती अकरा बायकांनी वाहिली." पुढं अकरा नावं, रूथबाई, म्हाळसाबाई, सगळ्या. आणि वर मी दिलेलं बहात्तर साल खोडून त्र्याहत्तर केलेलं.

साल तरी माझंच बरोबर असणार, म्हणून मी देवळातलं जुनं रजिस्टर काढलं. त्र्याहत्तर.

बरं नाही वाटलं. पण खरं ते खरं, ठेवलं. हे सौ.ला सांगितलं तर तिनं पोह्यांवर जास्तीचं खोबरं घातलं.

"तू दुपारी बघतेस तरी काय टीव्हीवर?" मी सहज विचारलं.

"एक जुनी मालिका आहे. हीरो फार बोलतो, पण आता शेवटाकडं आलीय."

सोमवार, २४ नोव्हेंबर

ब्लेसीच्या धाकट्याला ताप आहे म्हणून सौ. काल दौंडला गेली. आठ दिवस लागतील म्हणते. हरकत नाही. घरात शांतता, कामाला वेग येईल.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

डबी बिघडली.

सुरू होते, चौदा सेकंदांतच होते, पण तिची बुद्धी गेली. चार दिवसांत एक चूक दुरुस्त केली नाही. सोमवारी मी मुद्दाम "शिरूर"च्या जागी भलतंच लिहून ठेवलं, ते आजही तसंच आहे. नवी माहिती तर एक ओळ नाही. सहावं प्रकरण मी अधिकच लांब लिहिलंय आणि कुणी त्याला हातच लावला नाही.

टोनी यवतहून पन्नासेक किलोमीटर गाडी मारत आला. सगळं तपासलं. "सर, मशीन ओके आहे. जोरात आहे."

"जोरात काय! रविवारपासून गप्प आहे ती."

"रविवारी काय झालं होतं?"

"काही नाही. सौ. दौंडला गेली, बस."

टोनी माझ्याकडं बघत राहिला. मग त्यानं स्वयंपाकघराकडं बघितलं. "व्होल्टेज असेल, सर," म्हणाला आणि चहा न घेता गेला.

दहीसुद्धा लागत नाही. ते सौ. नसल्यामुळं, हे उघड आहे. डबीचं मात्र कारण सापडत नाही. पोहे रोज खाल्ल्यानं पोट बिघडलंय.

आजचे गुण: चाळीस. चौदा तारीख जवळ आली. तीन प्रकरणं बाकी. मी एकटा एका बोटानं हे करू शकणार नाही, हे इथंच लिहून ठेवतो, बाहेर बोलणार नाही. सोळा पानांत विहीरही बसणार नाही आणि धुरपदाबाईही.

मंगळवार, २ डिसेंबर

सौ. काल आली. नातू बरा आहे.

डबीही बरी झाली! सहावं प्रकरण एका दुपारीत लांबीनं निम्मं झालं आणि दुप्पट चांगलं झालं. टोनीला फोन करून सांगितलं, व्होल्टेज सुधारलं. तो म्हणाला, "सर, बाईंना माझा सलाम सांगा." आता ह्याचा काय संबंध?

शुक्रवार, ५ डिसेंबर

ख्रिस्तोफर पाहणी करायला आले. मी आठ प्रकरणं दाखवली. माणूस गार झाला. मग मी सांगून टाकलं की डबीत एआय आहे.

त्यांनी खाली वाकून मागच्या बाजूच्या तारा बघितल्या. "सर, इंटरनेट कुठंय?"

"घेतलेलं नाही."

"मग एआय कसलं? इंटरनेटशिवाय ही डबी म्हणजे टाइपरायटर. ही कशाला धुरपदाबाईंचं सांगेल तुम्हाला?" हसले नाहीत. उलट मला खाली बसवून पाणी दिलं, म्हणाले, "सर, तब्येतीला जपा." ते हसले असते आणि मला राग आला असता तर परवडलं असतं.

ते गेल्यावर मी बराच वेळ डबीसमोर बसलो. मग हे आलं कुठून? मनात एक विचार आला. तो मी लिहिणार नव्हतो, पण लिहितो: पवित्र आत्मा तर नसेल? उद्या पाळकसाहेबांना विचारावं का? विचारलं तर शिरूरभर होईल.

सौ. आतून म्हणाली, "जेवून घ्या. आत्मा उपाशीपोटी येत नाही."

हा विचार मी मोठ्यांदा केला होता का?

सोमवार, ८ डिसेंबर

नववं, शेवटचं प्रकरण: मंडळीतील शिक्षण. त्यात मी स्वतःबद्दल एक परिच्छेद लिहिला, फार नाही, पाऊण पान. "सन १९८३ मध्ये प्रस्तुत लेखकाचा विवाह झाला," हे त्यातलं एक वाक्य.

दुपारी उठून बघितलं. त्या वाक्यापुढं लिहिलं होतं:

"वधू त्या वेळी मिशन दवाखान्याच्या कचेरीत टायपिस्ट होती. लग्नानंतर महिन्याभरात तिनं नोकरी सोडली. का सोडली, हे लेखकाला आठवत असेल तर त्यानं इथं लिहावं."

आणि खाली चार ओळींची मोकळी जागा.

कीबोर्ड रेमिंग्टनवर होता. डबी गरम होती. दह्याचं भांडं टेकलेलं होतं.

एवढं सगळं ह्या वहीत माझ्याच अक्षरात आहे. मी आज पहिल्यापासून वाचून काढली. शाळेत एखादा मठ्ठ पोरगा असला की मी म्हणायचो, फळ्यावर एवढं मोठं लिहिलंय तरी दिसत नाही का रे तुला? त्या सगळ्या पोरांची मी आज माफी मागतो.

खुर्चीवर चढून सत्काराचा फोटो काढला. मागचे खिळे उचकटले. मी घातलेला, तिच्या ट्रंकेतला जाड कागद बाहेर आला. मराठी टंकलेखन, वेग मिनिटाला चाळीस शब्द, प्रथम श्रेणी. कुमारी कृपा शांतवन रणपिसे. माझा फोटो ताठ बसावा म्हणून नऊ वर्षं मी हे कोंबून ठेवलं होतं, आणि घालताना काय घालतोय हे वाचलंसुद्धा नव्हतं.

कृपा दारात उभी होती.

"सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"तुम्ही विचारलंत कुठं? आणि डबीला गुण मिळत होते की. एक्क्याण्णव! मला कधी मिळाले असते?"

"वही वाचतेस तू माझी."

"किल्ली तुम्ही पोह्यांच्या डब्यात ठेवता."

मला लाज वाटली. साधी नाही, भयंकर लाज वाटली. ती मात्र आत गेली आणि म्हणाली, "चार ओळी पुरतील ना? का जागा वाढवून देऊ?"

बुधवार, १० डिसेंबर

काल सबंध सकाळ त्या चार ओळींवर गेली. आठवत नाही असं लिहिता आलं असतं. पण आठवतंय. मी लिहिलं:

"माझी शाळा सकाळी सातला भरायची. मी म्हणालो, तू कचेरीत गेलीस तर माझा डबा कोण करणार. दुसऱ्या दिवशी तिनं राजीनामा स्वतः टाईप केला आणि मला वाचायला दिला. मी त्यातली एक चूक शोधायला लागलो. एकही नव्हती. त्यानंतर बेचाळीस वर्षं तिनं काही टाईप केलं नाही, आणि मी तिला कधी विचारलं नाही."

टाईप करताना चुका बऱ्याच झाल्या. मी तशाच ठेवल्या, ती दुपारी बघेल म्हणून. आणि दुपारी मी झोपलो नाही, नुसता डोळे मिटून पडलो. खोलीतून आवाज येत होता. दहा बोटांचा. सलग, कुठं न अडखळता. मी एका बोटानं महिनाभर जो आवाज करत होतो त्याला टायपिंग म्हणत होतो. मग मधेच आवाज थांबला, बराच वेळ थांबला, आणि नंतर पुन्हा सुरू झाला.

आज सकाळी बघितलं. नववं प्रकरण अथपासून इतिपर्यंत स्वच्छ झालंय. फक्त त्या चार ओळींना तिनं हात लावलेला नाही. सातच्या सात चुका जिथल्या तिथं आहेत.

"ह्या राहिल्या," मी म्हणालो.

"राहू द्या," कृपा म्हणाली. "तुमच्या हातच्या आहेत."

रविवार, १४ डिसेंबर

इतिहास कमिटीपुढं ठेवला. एकशे बारा पानं. मुखपृष्ठावर दोन नावं आहेत. माझं मी टाईप केलं होतं, आणि खाली तिचं, माझ्या आडनावासकट. काल दुपारी तिनं ते सर्टिफिकेटवर आहे तसं करून टाकलं: कृपा शांतवन रणपिसे. मी तसंच ठेवलं. विहिरीच्या अकरा बायकांनाही त्यांच्याच नावानं लिहिलंय.

ख्रिस्तोफरनी पानं उलटली. विहिरीपाशी थांबले. रूथबाई त्यांची आजी, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. त्यांनी स्मरणिकेची फाईल मिटली आणि पाळकसाहेबांना म्हणाले, "हे छापायला पाठवा." मग माझ्याकडं वळले. "आता खरं सांगा, सर. हे त्या डबीनं केलं?"

मी उभं राहून अहवाल वाचला. सदतीस वर्षं प्रगतिपुस्तकं भरली, पण असं एकही उभं राहून वाचलं नव्हतं.

"डबी बरी आहे. चौदा सेकंदांत सुरू होते. लिहायला-वाचायला पुरते, जास्त फोटो टाकले की दमते. वीज कमी खाते, आवाज करत नाही, जागा अडवत नाही. थंडीत दही लावते. किमतीच्या मानानं शंभरात पंचावन्न. ह्याहून जे काही गुण मी तिला दिले ते चुकून दिले होते. ते ज्या व्यक्तीचे आहेत ती मागच्या बाकावर बसली आहे."

सगळ्यांनी मागं वळून बघितलं. कृपा पदर सारखा करत म्हणाली, "आता चहा होऊन जाऊ द्या." मागच्या बाकावर टोनी एकटाच टाळ्या वाजवत होता, मग सगळे वाजवायला लागले.

घरी आल्यावर तिनं सांगितलं, निमोण्याच्या सहा बायकांना टायपिंग शिकायचंय, संपतच्या सुनेसकट. जानेवारीपासून दुपारी दोन ते चार, आमच्या घरी, डबीवर. मी म्हणालो, "मग मी झोपू कुठं?"

"झोपता कशाला? सात चुका करणाऱ्या माणसानं पहिल्या बाकावर बसायचं."

सर्टिफिकेट टीव्हीवरच्या चौकटीत लावलंय, काचेकडून. माझा सत्काराचा फोटो मागं आहे, गाळा राहू नये म्हणून. ताठ बसलंय.

डबीचं परीक्षण इथं संपलं. माझं बाकी आहे. खाली गुणांसाठी जागा सोडली आहे. लाल पेन वहीतच ठेवलंय, आणि किल्ली नेहमीच्या जागी आहे.

आजचे गुण: